ओल होती, नत्र होतं, तरी सूर्यफूल खुजंच राहिलं

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात ब्रिस्बेनहून पश्चिमेला घाट चढून गेलं की टूवूंबा हे शहर लागतं, आणि तिथून पुढे डार्लिंग डाउन्सचा सपाट मुलूख सुरू होतो. सोलापूर-परभणीकडचा शेतकरी तिथं उतरला तर जमीन त्याला ओळखीची वाटेल. काळी, खोल, चिकण. पावसात पाय रुतवणारी आणि वाळली की कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडणारी. मृदाशास्त्रात त्यांच्या आणि आपल्या या जमिनींना नावही एकच आहे : व्हर्टिसॉल.

या मुलखातल्या शेतकऱ्यांना एका कोड्यानं वर्षानुवर्षं सतावलं. ते कसं सुटलं हे मी सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मायकोरायझा या मुळांत राहणाऱ्या बुरशीची पुडी सर्रास विकली जाते, पण ही बुरशी रानातून जाते कधी आणि परत येते कशी, हे घेणाऱ्याला क्वचितच कुणी सांगतं. तिच्या जाण्या-येण्याची इतकी स्वच्छ गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

रान मोकळं ठेवण्याचा हिशेब

डार्लिंग डाउन्सची शेती बहुतांशी कोरडवाहू. पाऊस बेभरवशाचा, पण जमीन ओल धरून ठेवणारी. त्यामुळे तिथं पेरणीआधी काही महिने रान मोकळं ठेवायचं, पडलेला पाऊस खालच्या थरात साठवायचा आणि पुरेशी ओल झाली की पेरायचं, ही पद्धत रुजली. हिवाळ्यात गहू, बार्ली, हरभरा. उन्हाळ्यात ज्वारी, सूर्यफूल, मका. एका हंगामातून दुसऱ्या हंगामाकडे वळायचं असेल तर पड लांबते, दहा-बारा महिने किंवा त्याहून जास्त. दुष्काळ पडला तर आणखी. या सगळ्या काळात रानात तणाची काडी उगवू द्यायची नाही; आधी वखर-नांगरानं, पुढे तणनाशकानं. कारण तण म्हणजे चोरलेलं पाणी.

हा हिशेब चुकीचा नव्हता, पण वाटतो तितका फायद्याचाही नव्हता. पडीच्या काळात पडलेल्या पावसापैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्साच जमिनीत उरतो. बाकीचा बाष्प होऊन उडतो किंवा वाहून जातो. तरीही कोरडवाहू माणसाला तेवढी ओलसुद्धा सोन्यासारखी असते. आणि पडीचा दुसरा लाभ डोळ्यांना दिसायचा : माती परीक्षणात नायट्रेट वाढलेलं यायचं. ओली, उबदार, मोकळी जमीन म्हणजे जिवाणूंची चंगळ. ते सेंद्रिय पदार्थ फोडत राहतात, त्यातलं नत्र मोकळं होत राहतं आणि घ्यायला पीक नसल्यामुळे साठत जातं.

म्हणजे पेरणीच्या दिवशी रानात खोल ओल, भरपूर नत्र, तण नाही. यापेक्षा चांगली सुरुवात कुठली?

आणि तरी पीक यायचं नाही. उगवण चांगली व्हायची, मग रोपं थबकायची. सूर्यफूल खुजं राहायचं, पानं लहान. जवसाचे तर आणखी हाल. मका, हरभरा, मूग यांचीही तीच रड. रोपांची लक्षणं स्पष्ट होती, स्फुरद आणि जस्त यांची उपासमार. पण माती तपासली तर स्फुरद शेजारच्या रानाइतकंच. आणि शेजारच्या त्या रानात, जिथं नुकतंच पीक निघालं होतं, जिला लोक थकलेली जमीन म्हणतील तिथं, तेच पीक जोमदार उभं! विसावा दिलेली जमीन उपाशी आणि राबलेली जमीन तृप्त, असं हे उलटं चित्र होतं. गहू आणि बार्लीला मात्र तितका फटका बसत नसे. या प्रकाराला तिथं नाव पडलं ‘लाँग फॅलो डिसऑर्डर’. आपण त्याला लांब पडीचा विकार म्हणू.

मुळं धुऊन पाहिल्यावर

टूवूंबाच्या क्वीन्सलंड गहू संशोधन संस्थेतले जे. पी. थॉम्पसन यांनी हा प्रश्न हातात घेतला. १९८७ साली त्यांचा शोधनिबंध आला आणि त्यात त्यांनी बोट ठेवलं ते मुळांमधल्या बुरशीवर. तेव्हा तिला व्हीए मायकोरायझा म्हणत. आपल्याकडचे जुने कृषी सहायक अजून ‘व्हॅम’ म्हणतात ते त्यावरूनच. आता शास्त्रात आर्बस्क्युलर मायकोरायझा हे नाव चालतं.

ही बुरशी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मुळावर पांढरी जाळी दिसली की लोक मायकोरायझा म्हणून फोटो पाठवतात, पण पिकाच्या मुळावरची ती जाळी बहुधा दुसऱ्याच बुरशीची असते. ही पाहायची तर बारीक मुळं धुवायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात ठेवून त्यांचा रंग घालवायचा, मग ट्रायपॅन ब्लू या निळ्या रंगात बुडवायची. मूळ काचेसारखं फिकट होतं आणि आतली बुरशी निळी उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या पेशींमधून धावणारे निळे धागे दिसतात, मधेच फुगीर पिशव्या. आणि नीट पाहिलं तर एकेका पेशीच्या पोटात एक इवलंसं झाड दिसतं, फांद्यांना फांद्या फुटलेलं. त्यावरूनच या बुरशीला आर्बस्क्यूल, म्हणजे झुडपाचं, नाव मिळालं. सगळी देवाणघेवाण या झुडपावर चालते. बुरशी इथं स्फुरद उतरवते आणि पीक इथं तिला अन्न देतं.

लांब पडीनंतरच्या रोपांच्या मुळांत हे निळं जग फारच विरळ होतं. पडीच्या काळात ती बुरशी मातीतून ओसरली होती.

का ओसरली? कारण जिवंत मुळाशिवाय ती जगतच नाही. ट्रायकोडर्मा ही बुरशी कुजक्या काडीवर वाढते, कितीतरी जिवाणू सेंद्रिय पदार्थावर पोसले जातात, पण या बुरशीचं तसं नाही. तिला तिचं खाणं फक्त हिरव्या झाडाकडून मिळतं. झाड हवेतल्या कार्बनपासून जे बनवतं त्यातला साधारण ४ ते २० टक्के वाटा या भागीदाराला जातो. तो वाटा साखरेचा आहे एवढंच आधी माहीत होतं. २०१७ मध्ये असं दाखवलं गेलं की झाड तिला स्निग्ध पदार्थही पुरवतं, आणि बुरशीला ते स्वतः बनवताच येत नाहीत. आपण बाळाला भात-तूप भरवतो तसं झाड तिला भरवतं, असं म्हटलं तरी चालेल. रान वर्षभर मोकळं म्हणजे तिचं ताट वर्षभर रिकामं. बीजाणू आणि मुळांचे तुकडे काही काळ तग धरतात, मग संपत जातात.

आता स्फुरद आणि जस्तच का अडले, नत्र का नाही, तेही पाहू. नायट्रेट पाण्यासोबत वाहतं. मूळ पाणी ओढतं तेव्हा नत्र आपोआप दाराशी येतं. स्फुरद तसं येत नाही. ते मातीच्या कणांना चिकटून बसतं, चुनखडीच्या जमिनीत तर कॅल्शियमनं बांधलेलं असतं. मूळ आपल्याभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा चाटून पुसून घेतं आणि मग हात टेकतं. पलीकडे स्फुरद आहे, पण तिथवर पोचायचं कुणी? बुरशीचा धागा काही मायक्रॉन जाडीचा, मुळावरच्या केसापेक्षाही बारीक. तो मुळापासून कितीतरी सेंटिमीटर लांब जातो, जिथं मूळ शिरूच शकत नाही अशा फटींत शिरतो आणि तिथलं स्फुरद-जस्त मुळाच्या पेशीत आणून सोडतो. माती परीक्षणाच्या कागदावर स्फुरद किती ते असतं. ते आणणारं कोणी आहे का, हे त्या कागदावर नसतं.

धागाही एकटा काम करत नाही. त्याच्या पृष्ठभागावर जिवाणूंची वस्ती असते. सेंद्रिय रूपातलं स्फुरद फोडायला लागणारी विकरं या बुरशीकडे फारशी नाहीत. ती धाग्यातून थोडी साखर झिरपू देते, त्यावर जिवाणू पोसले जातात, ते सेंद्रिय स्फुरद मोकळं करतात आणि बुरशी ते उचलते. म्हणजे सूर्यफुलाच्या पानात बनलेली साखर मुळातून धाग्यात, धाग्यातून जिवाणूत, आणि त्याच वाटेनं उलट स्फुरद परत पानात. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आणि मायकोरायझा यांना आपण दोन वेगळ्या बाटल्या समजतो; मातीत त्यांचा संसार एकत्र असतो.

उपाय शेजारच्याच मातीत

कारण सांगणं आणि ते सिद्ध करणं यांत फरक आहे, आणि थॉम्पसन यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो इथं. त्यांनी हा धागा पंचवीस वर्षं सोडला नाही. १९९४ च्या कामात त्यांनी पीक घेतलेल्या रानातली बुरशी लांब पडीच्या मातीत घातली आणि जवसाचा विकार हटला. स्फुरद आणि जस्त दोन्ही उचलली गेली. औषध शेजारच्या, राबलेल्या वावरातच होतं.

मग २०१३ मध्ये थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शेतातला प्रयोग प्रसिद्ध झाला, पुन्हा जवसावर. लांब पडीच्या काळ्या जमिनीचे तुकडे पाडले. काही धुरी देऊन निर्जंतुक केले, काहींत बुरशी मुद्दाम घातली, काहींना स्फुरद आणि जस्ताची खतं दिली, काहींना नाही. निर्जंतुक केलेल्या भागात पीक सर्वांत वाईट. नुसत्या लांब पडीच्या भागात सुरुवात वाईट, पण मुळांत बुरशी हळूहळू वाढली तशी रोपंही सावरली. बुरशी घातलेल्या भागात सर्वांत चांगलं. मुळांत बुरशी किती टक्के पसरली आहे आणि मुळांत स्फुरद किती वेगानं शिरतं आहे, यांचा मेळ ०.९५ इतका घट्ट निघाला, जस्ताचा ०.८५. हा आकडा १ च्या जितका जवळ तितकं नातं पक्कं.

मी सर्वांत जास्त थांबलो तो पुढच्या आकड्यांवर. खत न देता, बुरशी नसलेल्या जवसाचं बियाणं उत्पादन बुरशी असलेल्यापेक्षा ६८ टक्क्यांनी कमी. ठीक आहे, खत दिलं की भरून निघेल असं कुणीही म्हणेल. स्फुरद-जस्ताचं खत दिल्यावरही तूट ५२ टक्के राहिली. झाडाच्या एकूण वाढीतली तूट तर खत न देता ८५ आणि देऊन ८६, म्हणजे जैसे थे. खत पेरलं तरी ते उचलायला भागीदार लागतोच, निदान जवसासारख्या पिकाला.

त्या प्रयोगातून शेतकऱ्याला दिलेला सल्ला मला फार मोलाचा वाटतो : लांब पडीनंतरचं पीक खुजं दिसलं म्हणून घाईनं मोडू नका. ते पीक कमी देईल, पण त्याच्या मुळांवर बुरशी पुन्हा वाढते आहे. मोडून लगेच दुसरं पेरलं तर तेही त्याच उपासमारीतून जाईल. त्यामुळे तिथं आता लांब पडीनंतर आधी गहू किंवा बार्लीसारखं, बुरशीवर कमी अवलंबून असलेलं पण तिला पोसणारं पीक घ्यायला सांगतात. जवस, सूर्यफूल, हरभरा त्यानंतर. नांगरट कमी, ओल मिळेल तेव्हा पेरणी, पड शक्य तितकी आखूड. अलीकडे पडीच्या काळात बाजरीसारखं पीक थोडे दिवस वाढवून मारून टाकण्याचे प्रयोगही झाले आहेत. त्याचा पाचोळा बाष्पीभवन अडवतो, म्हणून त्यानं प्यायलेल्या पाण्यातलं बरंचसं भरून निघतं.

गुंता इथं संपत नाही

याच मुलखात गव्हाच्या मुळांना सूत्रकृमीचा मोठा त्रास आहे. प्रॅटिलेंकस थोर्नेई हे त्याचं नाव. त्याला कमी करायचं तर ज्या पिकावर तो पोसत नाही ते घ्यायचं. कॅनोला, म्हणजे आपल्या मोहरीची बहीण, हे तसं पीक. २०१० मध्ये ओवेन, क्लिवेट आणि थॉम्पसन यांनी कॅनोलानंतरच्या गव्हाचे निष्कर्ष मांडले : सूत्रकृमी कमी झाले, मायकोरायझाही कमी झाली, आणि गव्हाचं उत्पादनही घटलं. कारण मोहरीचं कुटुंब या बुरशीशी नातं जोडतच नाही. शत्रू उपाशी मेला, पण त्याच्यासोबत मित्रही. आणि गव्हाला या बुरशीची गरज कमी असते असं वर म्हटलं आहे. त्या गव्हालासुद्धा फटका बसला.

म्हणून एका रोगावरचा फेरपालट दुसऱ्या अंगानं काय करतो, हे पाहिल्याशिवाय सल्ला देऊ नये.

कार्बनबद्दलही लिहायला हवं, कारण सध्या मायकोरायझाच्या नावानं कार्बनच्या मोठमोठ्या गोष्टी चालल्या आहेत. २०२३ मधल्या एका अंदाजानुसार जगातली झाडं दरवर्षी सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन सर्व प्रकारच्या मायकोरायझांना देतात, त्यातला जवळपास ४ अब्ज टन आपण बोलतोय त्या बुरशीला. आकडा थक्क करणारा आहे. पण तो दिलेल्या कार्बनचा आहे, साठून राहिलेल्या नव्हे. २०१२ च्या एका अभ्यासात हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर या बुरशीनं मातीतल्या सेंद्रिय पदार्थाचं कुजणं वाढवलेलंही दिसलं. त्यामुळे ‘बुरशी घाला, कार्बन साठवा, क्रेडिट घ्या’ असं कुणी सांगत आलं तर सही करू नका असंच मी म्हणेन.

डार्लिंग डाउन्सच्या रानात मात्र कार्बनची गोष्ट अगदी जमिनीवरची आहे. पडीत नायट्रेट वाढलं म्हणून शेतकरी खूश व्हायचा, पण ते नत्र आलं कुठून? जमिनीतला सेंद्रिय पदार्थ जळून. आत येणारा कार्बन शून्य, कारण हिरवं पान नाही. बाहेर जाणारा चालूच, कारण जिवाणू जागे. आर. सी. दलाल आणि आर. जे. मेयर यांनी १९८६ मध्ये दक्षिण क्वीन्सलंडमधल्या, अनेक दशकं धान्याखाली असलेल्या जमिनींचा सुपीकतेचा ऱ्हास मोजून मांडला होता. बुरशीची उपासमार आणि मातीच्या कार्बनची झीज या वेगळ्या घटना नव्हत्या. दोघांचा दाणापाणी एकाच ठिकाणाहून येत होता, जिवंत मुळातून.

आपल्या रानात

आपली पड त्यांच्याइतकी लांब नसते. पण सोलापूर-नगरच्या भारी जमिनीत रब्बी ज्वारीसाठी अख्खा पावसाळा रान काळं ठेवून वखराच्या पाळ्या घालण्याची रीत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाली की सप्टेंबरपर्यंत मुळाचा पत्ता नाही. तिथं पावसाच्या सुरुवातीला मूग-उडीद घेतलेल्या रानातली रब्बी चांगली येते हे जुनी माणसं सांगतात, आणि त्याला त्यांच्याकडे एकच शब्द आहे : बेवड. मुगाचा बेवड, तागाचा बेवड, हरभऱ्याचा बेवड. आपण तो शब्द नत्राच्या गाठींपुरता समजत आलो. टूवूंबाचं काम वाचल्यापासून मला तो शब्द जास्त खोल वाटतो. मागच्या पिकानं पुढच्या पिकासाठी मातीत नत्राखेरीज एक जिवंत जाळंही ठेवलेलं असतं. मूग या बुरशीचा चांगला यजमान आहे, तूरही.

कोबी, फ्लॉवर, मोहरी ही कॅनोलाच्याच कुळातली. पालक आणि बीटही या बुरशीला थारा देत नाहीत. कोबी-फ्लॉवरचं रान मोडून तिथं कांदा लावायचा विचार असेल तर जरा थांबा. कांद्याची मुळं आखूड, विरळ, जवळजवळ बिनकेसांची, त्यामुळे स्फुरदासाठी तो या बुरशीवरच अवलंबून असतो. मधे मका किंवा एखादं कडधान्य आलं तर बरं. शिवाय दरवर्षी डीएपी ओतून स्फुरद चढवलेल्या जमिनीत झाडच बुरशीला आत घेणं कमी करतं. घरात भरलेलं असताना आणणाऱ्याला कोण पोसेल?

आणि पुडीबद्दल. गूळ-ताकाच्या ड्रममध्ये मायकोरायझा टाकून आठवडाभर ढवळणारे शेतकरी मला दर हंगामात भेटतात. ट्रायकोडर्मा तसा वाढतो, रायझोबियम वाढतं. मायकोरायझा वाढत नाही, तिला मूळ लागतं. ड्रममध्ये जे फुगतं ते दुसरंच काही असतं आणि घेतलेले पैसे तिथंच बुडतात. पुडी वापरायचीच असेल तर ती बियाण्याला किंवा रोपाच्या मुळाला लागेल अशी, लागवडीच्या वेळीच द्या. रान नुकतंच मका-ज्वारी-कडधान्यातून आलं असेल तर बहुधा आधीच पुरेशी बुरशी आहे. तिथं पुडीचा फरक दिसेलच असं नाही. लांब पडीत राहिलेलं, पूर आल्यावर महिनोन्‌महिने रिकामं राहिलेलं किंवा वरची माती खरवडून सपाट केलेलं रान असेल, तिथं मात्र जरूर विचार करा.

चार ओळी पुडी न घालता सोडा म्हणजे आपलं आपल्याला कळेल. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी दोन्हीकडची रोपं तपासायची असतील तर ती उपटू नका. उपटल्यावर हातात येतात ती जाड मुळं. बारीक मुळं तुटून मातीतच राहतात, आणि बुरशी असते ती त्याच मुळांत. खुरप्यानं आजूबाजूची वीतभर माती ढेकळासकट काढा, बादलीत भिजत घाला आणि माती आपोआप सुटू द्या. पाण्यात केसांसारखी मुळं तरंगताना दिसतील. तीच चाळणीनं गोळा करून प्रयोगशाळेत द्यायची.